आठ बिनचिठ्ठीच्या बाटल्या

सोमवारी सकाळी काकांनी प्रयोगशाळेतल्या आठ भरलेल्या, बूचबंद बाटल्या बादलीत बुडवून लख्ख धुतल्या. त्यांच्यावरच्या कागदी चिठ्ठ्या सुटून पाण्यावर तरंगायला लागल्या आणि शाई तर केव्हाच पाण्यात उतरली होती. अ‍ॅसिडं वेगळ्या कुलपात असतात म्हणून निभावलं. काका आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई, सव्वीस वर्षांचे जुने. धूळ दिसली की त्यांच्या जिवाला चैन पडत नाही. हल्ली त्यांना धुळीशिवाय दुसरं काही दिसतही नाही, असं मागच्या बाकावरची मुलं म्हणतात.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, बादलीत डोकावून गेल्या. रागावल्या नाहीत, त्याचीच मला धास्ती वाटली. तास संपायच्या आधी येते, म्हणाल्या. तोवर कुठल्या बाटलीत काय आहे ते खात्रीनं सांगता आलं तर ठीक, नाहीतर सगळं फेकून द्यायचं आणि उद्यापासून काकांनी फाटकावर बसायचं. काका कोरडं झालेलं फडकं पिळत उभे राहिले.

आवाज चढवायचा नाही, हा माझा रोजचा नेम. सकाळी देवापुढे बोलून मगच घरातून निघते. वर्गालाही तो ठाऊक आहे, त्यामुळे मी आवाज आणखी खाली आणला की मुलं सावरून बसतात. त्या दिवशी आठवीचा वर्ग होता आणि धडाही पदार्थांच्या वर्गीकरणाचा. मी हळूच म्हटलं, आज वही नको, आज काकांची जागा राखायची आहे.

तीन टेबलं मांडली. पहिलं मूलद्रव्यांचं: आत एकाच प्रकारचे अणू, दुसऱ्या कुणाला थारा नाही. दुसरं संयुगांचं: मूलद्रव्यं ठरलेल्या प्रमाणात अशी जोडली गेलेली, की आधीचे गुण शोधून सापडत नाहीत. तिसरं मिश्रणांचं: एका बाटलीत नांदतात, पण ज्याचा स्वभाव त्याच्यापाशी. यावर वकीलबाई म्हणाली की मग आमचं अख्खं घर तिसऱ्या टेबलावर ठेवा. ती ऊठसूट हरकत घेते, म्हणून मुलांनीच तिला हे नाव दिलंय.

चाखून बघायचं नाही, हे मी तीनदा बजावलं. मग काम सुरू झालं. पिवळं गंधक आणि तांब्याचा कीस पहिल्या टेबलावर गेले. निळं मोरचूद दुसऱ्यावर. एका करड्या भुकटीवरून चुंबक फिरवला तर लोखंडाचा कीस त्याला दाढीसारखा लटकला आणि खाली वाळू उरली. ती बाटली तिसऱ्यावर. एक पांढरी पूड पाण्यात विरघळेना, पण व्हिनेगरच्या थेंबानं फसफसली, म्हणजे खडू. दुसरी तापवल्यावर तपकिरी झाली, ती साखर. तिसरी कितीही तापवली तरी ढिम्म, ते मीठ. आठव्या बाटलीत पुन्हा पांढरे कण. पाण्यात घातल्यावर विरघळले. तास संपत आला होता, पोरांना घाई झाली. मीठ खूप लागतं, त्याच्या दोन बाटल्या असणारच, असं ठरवून त्यांनी ती दुसऱ्या टेबलावर ठेवूनही दिली.

मग पडताळा घ्यायला मी काकांना बोलावलं. ते एकेक बाटली कानाशी नेत, हलवत आणि नाव सांगत. सातही बरोबर आली. मुलं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. तेवढ्यात मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आठवी बाटली काकांनी दोनदा हलवली.

"हे नुसतं मीठ नाही."

"काका, आम्ही विरघळवून पाहिलंय," वकीलबाई म्हणाली.

"विरघळलं असेल, पोरी. पण आत दोघं आहेत. एक खळकन येतो, दुसरा मागून रेंगाळत."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. काकांना तिथंच गप्प केलं असतं तर आठही बाटल्या जुळल्या म्हणून सुटलो असतो. ते चुकले तर सगळ्यांदेखत चुकणार होते. पण वर्गात न तपासता मान कशी डोलवायची? मनात देवाचं नाव घेतलं आणि परीक्षानळी वकीलबाईच्या हातात दिली.

ज्योतीवर कण बराच वेळ पांढरेच राहिले. काकांनी नजर जमिनीवर लावली होती. मग कड तपकिरी झाली, पसरली आणि करपलेल्या साखरेचा वास पार शेवटच्या बाकापर्यंत पोचला. त्या तपकिरीत मिठाचे कण मात्र पांढरेच, हटून बसलेले. वकीलबाईनं कुणी सांगायच्या आत बाटली उचलली आणि तिसऱ्या टेबलावर नेली. परत येताना काकांना म्हणाली, "मला शिकवाल का हे?"

मोठ्या बाई आत आल्या. जवळची एक बाटली उचलून कानाशी हलवली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "साखर."

"खडू, बाई," काका अदबीनं म्हणाले.

हसावं की नाही, हे वर्गाला कळेना. आधी त्याच हसल्या. मग म्हणाल्या, चिठ्ठ्या मुलांनी लिहाव्यात, वर मेण फिरवावं, आणि बादली या खोलीत पुन्हा दिसता कामा नये. फाटकासाठी दुसरं कुणीतरी बघते.

एवढं बोलून त्या जातील असं वाटलं होतं. पण त्यांनी पुढची बाटली उचलून कानाशी नेली.