डोक्यावरची माती

“फावडं ठेव खाली! ठेव म्हणते ना!”

मी मराठीतच ओरडले. मजूर श्यामसुंदर गोरखपूरकडचा. त्याला मराठीतलं ओ का ठो कळत नव्हतं, तरी त्यानं फावडं ठेवलं. म्हाताऱ्या बाईचा आवाज चढला की मुलूख कुठला का असेना, माणूस थबकतो.

मार्चची सकाळ. चंदीगडात या दिवसांत ऊन अंगाला गोड लागतं. गेटबाहेर बलकार ठेकेदाराची ट्रॉली उभी होती. तिच्यातली दोन सैकडा बजरी, म्हणजे बारीक खडी, रस्त्याकडेला ओतून झाली होती. इथले लोक सैकडा म्हणतात, आमच्याकडं त्यालाच ब्रास म्हणतात. पांढऱ्या गोल खड्यांची वीस पोती भिंतीला लावून ठेवली होती. आणि रिकाम्या झालेल्या ट्रॉलीत माझी माती भरायचं चाललं होतं. मेथीचा एक वाफा पाल्यासकट वर गेला होता.

माझी माती म्हणते, ते उगीच नाही. माझा मुलगा हर्षवर्धन फौजेतून कर्नल होऊन मुदतीआधीच निवृत्त झाला आणि त्यानं हे दहा मरल्याचं, म्हणजे अडीचशे वारांचं घर घेतलं, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा पुढच्या अंगणात बिल्डरनं टाकलेले विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे होते. कुदळ मारली की ठिणगी उडायची. मी एकेक तुकडा वेचला. गोशाळेतून शेण आणलं. रस्त्यावरचा बहाव्याचा पाला झाडून आणला. चहाचा चोथा, भाजीची देठं, सगळं तिच्या पोटात घातलं. आम्ही माणदेशातली माणसं. तिथल्या माळावर वीतभर माती व्हायला एक पिढी जाते. तळ्यातला गाळ पाटीनं वाहून शेतात टाकता टाकता माझ्या आईच्या टाळूवरचे केस गेले होते.

“माताजी, मलबा है, उठाना तो पड़ेगा,” बलकार म्हणाला. “यहाँ काला कपड़ा बिछेगा, ऊपर बजरी, उसके ऊपर पत्थर.”

मी मूठभर माती उचलून त्याच्या नाकाखाली धरली. “मलबा? सूंघ! सूंघ के बोल!”

त्यानं हुंगली. आणि मेला हसला. “मिट्टी तो ए-वन है जी. तभी तो डेराबस्सीवाले सरदारजी को पसंद आई.”

“कुणाला?”

“बीबीजी से पूछो. बात उन्हीं से हुई है.”

बीबीजी म्हणजे माझी सून निशिगंधा. पुण्याची, युनिव्हर्सिटीत शिकवते. अकरा वाजता तिचा तास होता, त्यामुळं कडक इस्त्रीचा कुर्ता घालून, हातात चहाचा कप घेऊन ती दारात उभी होती.

“माती दिलीस तू?” मी विचारलं.

“दिली. त्याच्या बदल्यात बलकार खडी फुकट पसरून देणार आहे. आई, महिनाभर सांगतेय तुम्हाला.”

“खडी टाकनार म्हनालीस. माती देनार म्हनाली न्हाईस.”

“मातीवर नुसती खडी टाकली तर पहिल्याच पावसात चिखल वर येईल.”

“आयजीच्या जिवावर बायजी उदार! अकरा वर्सं म्या शेन कालवलं, आन तू वाटतीस व्हय, खिरापत वाटल्यागत?”

“अकरा वर्षं मीही तो वास घेतलाय!” कप तिनं पायरीवर आपटला. “माझ्याकडची माणसं येतात ती नाकाला रुमाल लावून. गोगलगायी पार बैठकीत येतात. घर घेतल्यापासून एकदा तरी विचारलंत, निशिगंधा, तुला काय हवंय?”

“दगड हवं हायती तुला. माज न्हाई तर काय! बाहत्तरच्या दुष्काळात सोळा वर्साची म्या खडी फोडत हुते, तवा भाकरी मिळायची. आन तू इकतची खडी आनून चांगल्या मातीच्या उरावर घालतीस?”

“बाहत्तर, बाहत्तर! संपला तो दुष्काळ, आई. पण तुम्ही अजून रोज आमच्या ताटात वाढताय.”

हे मला फार झोंबलं.

माझी नात स्वानंदी धावत बाहेर आली. सतरा वर्षांची पोर. मराठी सगळी समजते, बोलते मात्र हिंदी. “आजी, बस करो ना. सब देख रहे हैं.”

खरंच समोरच्या गच्चीत दोघी बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“बगू देत,” मी म्हणाले. “साक्षीदार पाहिजेतच.”

आणि मग मी बोलू नये ते बोलले. आमच्या गावात बांधाच्या मातीचं भांडण मिटेनासं झालं, की हक्क सांगणाऱ्याच्या डोक्यावर तीच माती द्यायचे. मुखानं शपथ घेऊन त्यानं शेताचे चार कोपरे चालायचे. चालला तर माती त्याची. खोटा असला, तर माती त्याचं घर बघून घेई.

“घमेलं भर,” मी सुनेला म्हणाले. “घे डोक्यावर. ही माती म्या केली, आसं म्हन आन चार कोपरं चाल. चाललीस तर तुझी. मग कुनाला बी दे.”

मला वाटलं, ही हसेल. किंवा रडत आत जाईल. तिनं मनगटावरचं घड्याळ काढून स्वानंदीच्या हातात दिलं.

“श्यामसुंदर, तसला भरो,” ती म्हणाली. “पूरा भरो.”

“मम्मी, आप भी?”

“तू बाजूला हो.”

तसला म्हणजे घमेलंच. त्यानं ते भरलं आणि तिच्या डोक्यावर चढवलं. मान कलली, तिनं सावरली.

“ही माती मी केली,” असं स्वच्छ पुण्याच्या मराठीत म्हणून ती चालू लागली.

पहिला कोपरा झाला. ओली माती तिच्या कपाळावरून चष्म्यावर ओघळत होती. जन्मात डोक्यावर हंडा घेतला नसेल, पण बाई थांबेना. माझे थोरले चुलते असेच चालले होते, खोटी शपथ घेऊन, मिशीला पीळ देत. पंधरवड्याच्या आत त्यांचा कर्ता लेक विहिरीच्या खोदाईवर दरडीखाली गेला. मी नऊ वर्षांची होते. त्याला वर काढला तेव्हा त्याच्या नाकातोंडात माती होती.

दुसरा कोपरा झाला. या बाईचा कशावर विश्वास नाही. पण शपथ विश्वास विचारून लागते थोडीच? शपथ तिनं घेतली, पण ती घ्यायला लावली कुणी? मी!

तिसरा झाला. चौथ्या कोपऱ्यात नळाजवळ स्वानंदी उभी होती, आईचं घड्याळ छातीशी धरून.

“उतरव!” मी ओरडले. “उतरव खाली!”

“एकच कोपरा राहिलाय.”

मी धावले. सत्तरीला टेकलेली बाई जशी धावेल तशी धावले, आणि घमेल्याचा काठ दोन्ही हातांनी धरला. ती सोडेना, मी सोडेना. माती तिच्या केसांत, माझ्या तोंडात.

“तुझी माती,” मी म्हणाले. “तुझी हाय. म्या हरले. आता तरी उतरव, आगं!”

मग तिनं सोडलं. ओढाताणीत आम्ही अंगणाच्या ऐन मधोमध आलो होतो; तिथंच दोघींनी ते खाली टेकवलं. तिला धाप लागली होती. चष्मा पुसत ती म्हणाली, “मला माहीत होतं, तुम्ही मला चौथ्या कोपऱ्यापर्यंत जाऊ देणार नाही.”

“तुझ्यापायी न्हाई थांबवलं.”

“तेही माहीत होतं.”

ती अंघोळीला गेली. दुपारपर्यंत ट्रॉली भरली. वांगी गेली, घेवड्याचा मांडव गेला. मी पायरीवरून हलले नाही. शेवटी राहिलं ते घमेलं.

“ये भी डाल,” बलकार म्हणाला.

श्यामसुंदरनं हात जोडले. मराठी कळत नसली, तरी डोक्यावरच्या मातीचा अर्थ त्याला कळला होता. “कसम की मिट्टी है. हम नहीं छुएँगे.”

बलकारनं त्याला शिवी हासडली आणि स्वतः वाकला. वाकून माझ्याकडं बघितलं. पुन्हा सरळ झाला. “एक तसले में क्या रखा है. रहने दो जी.”

काळं कापड घमेल्याभोवती कापून अंथरलं. त्यावर बजरी, बजरीवर पांढरे खडे. संध्याकाळी सेक्टर १७ मधून बँकेची कामं उरकून हर्षवर्धन आला. “अरे वा!” म्हणाला. मग म्हणाला, “हे मधेच काय ठेवलंय?” स्वानंदीनं त्याला हाताला धरून आत नेलं.

पाडव्याला निशिगंधाकडच्या बायका आल्या. एकीनं विचारलं, “हे असंच डिझाइन आहे का?”

“हो,” निशिगंधा म्हणाली.

त्या गेल्यावर ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मानेची उसण अजून गेली नव्हती. “उचला आता ते. पाहिजे तर तुमची मेथी लावा त्यात.”

चौथ्या कोपऱ्याआधी उतरवलेली माती कुणाचीच नसते. तिच्यात पेरत नाहीत, तिला टाकतही नाहीत. हे मी तिला सांगितलं असतं, पण ती पुन्हा बाहत्तर म्हणाली असती.

“म्या न्हाई उचलत,” मी म्हणाले. “डोक्यावर तू घेतलं हुतंस. तुझं तू बग.”

तिनं वाकून काठाला हात लावला. मग हात काढून घेतला आणि आत गेली.

आता ती सकाळी घमेल्याला वळसा घालून गाडीकडं जाते. मीही वळसा घालून दूध आणायला जाते. समोरासमोर आलो, तर एकीला थांबावं लागतं. आजवर मीच थांबत आले होते. काल ती थांबली.