कळकलेली कढी

“चाख वं सत्ते,” चंपतरावांनी ताकाची वाटी तिच्यासमोर आदळली. “का तेही आता पुस्तकात पाहून सांगशील?”

सत्यवती शाळेत निघाली होती. खांद्याला पर्स, हातात हेल्मेट. ओसरीत बाप उकिडवा बसलेला, पुढ्यात विझत आलेली भट्टी आणि शेजारी शंभर माणसांची कढी मावेल एवढा पितळी गंज. पुतण्या जितेंद्रने सप्ताहाच्या जेवणासाठी तो कल्हईला टाकला होता. नवसागराचा उग्र वास अजून छपराखाली रेंगाळत होता. लकडगंजातल्या आरा मशिनी बाहेर करवतत होत्या, त्यामुळे घरात कुणालाही ओरडूनच बोलावं लागे. ओरडायला निमित्त मात्र दोघांनाही लागत नसे.

तिने घोट घेतला. जिभेच्या मुळाशी तीच तुरट, मळमळवणारी चव. तासभर ताक ठेवून रिकाम्या केलेल्या गंजात ती डोकावली. चांदीसारख्या लखलखीत अंगावर, तळाशी, पंजाएवढा पिवळा डाग तसाच उघडा होता. चंपतरावांना तो दिसत नव्हता. मोतीबिंदू पिकून डोळे दुधाळ झाले होते, आणि ऑपरेशनचा शब्द काढला की ताट भिरकावलं जायचं.

“ठीक हाय,” ती म्हणाली.

“तोंडात मूग धरले का? नीट सांग.”

“ठीक हाय म्हटलं नं! मले उशीर होऊन राहिला.”

“त्या गोपाळराव कल्हईवाल्याले सांगजो इतवारीत. म्हणा, चंपतरावचा हात अजून गेला नाही.”

तिने स्कूटी सुरू केली. हेच त्यांचं शेवटचं बोलणं. दुपारी शाळेच्या ग्रंथालयात फोन आला. भट्टीजवळच ते आडवे झाले होते, हातात कापसाचा बोळा तसाच.

एके काळी या घरात तिच्या जिभेइतका मान कुणालाच नव्हता. ती पाच-सहा वर्षांची असताना चंपतराव तिला गिऱ्हाइकासमोर पाटावर बसवायचे. भांड्याला कल्हई झाली की त्यात तासभर आंबट ताक ठेवायचं आणि मग पोरीने चाखायचं, ही त्यांची रीत. “पितळ वाईट नसते बाप्पा,” ते गिऱ्हाइकाला सांगत. “पाणी प्या, काही होत नाही. पण उघड्या पितळेत आंबट घातलं की ते कळकते, इख होते. मह्या डोयाले फसवता येते, पोरीच्या जिभेले नाही.” ती तोंड वाकडं करून “बाबा, कळकलं!” म्हणाली, की ते खूश व्हायचे. भांडं पुन्हा भट्टीवर चढायचं, पुन्हा कथलाची कांडी फिरायची. चार वेळा कळकलं तर चार वेळा.

मग मधली वर्षं स्टीलने खाल्ली. भट्टी थंड पडली आणि बापाची जीभ तापली. मुलीचं वाचणं खुपलं, नोकरी खुपली, तिचं माहेरी परतून येणं तर फारच खुपलं. आता मोबाइलवर कुणीकुणी पितळेचे गुण गाऊ लागलं, तशी लोकांनी माळ्यावरची भांडी खाली काढली आणि चंपतराव पुन्हा भट्टीशी बसले. तीन वर्षांपूर्वी तिने चाखलं आणि पूर्वीसारखंच म्हटलं, “कळकलं.” गिऱ्हाईक समोर होतं.

“तुही जीभच सडली!” त्यांनी पातेलं रस्त्यात भिरकावलं. “नवऱ्याघरी टिकली नाही, आता बापाच्या हाताले नावं ठेवून राहिली!”

त्या दिवसापासून ती फक्त “ठीक हाय” म्हणत आली. भांडी पोहोचवायच्या नावाखाली ती स्कूटीवरून इतवारीत न्यायची, गोपाळरावांकडून पुन्हा कल्हई करून घ्यायची आणि मग गिऱ्हाइकांकडे टाकायची. लोक चंपतरावांना शाबासकी देत आणि ते छाती फुगवत. ही काही दया नव्हती. बसा म्हणावं आपल्या मोठेपणात आंधळे होऊन, असं ती मनात म्हणायची, आणि ते म्हणताना तिला बरं वाटायचं.

तेरवीला ओसरीत पंगती मांडल्या होत्या. सुतकात ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती, गंज इतवारीत गेला नव्हता. तो गंज मागच्या खोलीत पोत्याखाली झाकला, तेवढंच तिने केलं होतं. स्वयंपाक्याच्या चुलाणाकडे वळून पाहते, तर गंज तिथेच. त्यात सकाळीच केलेली कढी. कडेला भिंतीवरच्या चंपतरावांच्या फोटोसारखाच हार.

“हे कोणं काढलं?”

“मीच,” जितेंद्र म्हणाला. “काकाच्या हातची शेवटची कल्हई हाय ताई. तिच्यातलंच लोकाइले वाढू. गोपाळराव खुद्द पंगतीले बसले.”

तिने वाटी बुडवली. घोट घेतला आणि मोरीत थुंकला.

“फेकून दे.”

“काहून? तूच चाखून ठीक म्हटलं होतं, काकानं मले फोनवर सांगितलं!”

“खोटं सांगितलं होतं.”

जितेंद्रचा चेहरा लाल झाला. “जिता होता तवा त्याच्याशी गोड बोलली नाही. आता मेल्यावर त्याचं नाक कापतं का पंगतीत?”

त्याची बायको श्वेता मध्ये पडली. सत्यवतीच्या कानाशी येऊन म्हणाली, “ताई, पाल पडली म्हणा नं. कढी फेकू, कोणाले काही समजणार नाही. तुमच्या बाबांचं नाव राहील.”

सोपं होतं. पाल पडली, एवढंच म्हणायचं. तिच्या ओठांवर ते आलंही. पण त्या शब्दालाही “ठीक हाय”चीच चव होती.

वाढप्याने बादली भरली होती आणि तो पहिल्या पानाकडे वळला होता. तिने त्याच्या हातातून बादली ओढून घेतली. कढी तिच्या पायांवर सांडली. पंगत थांबली. गोपाळरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आरा मशिनी त्या दिवशी बंद होत्या, त्यामुळे ओरडायची गरज नव्हती.

तरी ती ओरडली. पंगतीकडे पाठ करून, भिंतीवरच्या फोटोकडे बघत, पाटावर बसलेल्या पोरीसारखं तोंड वाकडं करून.

“बाबा, कळकलं!”