एकोणचाळीस वर्षांचा जयप्रकाश

ओमानमधल्या दुक्मच्या त्या प्रोजेक्ट कॅम्पवर संध्याकाळी सातला बॅडमिंटन हॉलचे दिवे लागत, आणि पाचच मिनिटांत जयप्रकाश नेट बांधायला लागे. तो पुण्याचा, वेल्डिंग इन्स्पेक्टर. कॉलेजात जिल्ह्याकडून खेळलेला. क्लब कोरियन इंजिनिअरांचा होता. तिथे शिरायचं तर कॅप्टन हानची परवानगी लागे, आणि हानने पहिल्या दिवशी नावाआधी वय विचारलं. सत्तेचाळीस म्हटलं तर म्हातारा म्हणून बाकावर बसवतील, या भीतीने जयप्रकाश बोलून गेला, "एकोणचाळीस."

तिथेच तो फसला. त्या लोकांत वय कळलं की माणसाची जागा ठरते. क्लबात जयप्रकाश सगळ्यांत लहान निघाला. नेट बांधणं, पाण्याचे कॅन आणणं, शेवटी फरशी पुसणं, सगळं त्याच्या गळ्यात पडलं. बेचाळीस वर्षांचा युन त्याला बोटाने खुणावून शटल उचलायला लावी. खेळायला मिळतंय ना, म्हणून सात महिने त्याने ते मुकाट्याने सोसलं.

मग बदरुद्दीन आला. राजापूरचा, परांच्या बांधणाऱ्या मजुरांचा फोरमन. त्याने हातात रॅकेट धरली ती इथेच. वय विचारल्यावर त्याने पंचेचाळीस सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून युन त्याला दोन्ही हातांनी पाणी द्यायला लागला आणि 'ह्योंग', म्हणजे थोरला भाऊ, म्हणायला लागला. शटल हुकली तरी हॉलभर हसू उसळे आणि कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारी. जयप्रकाशच्या नेमक्या ड्रॉप शॉटला मात्र कुणी मान वळवत नसे.

"काय रे, काय जादू केलीस यांच्यावर?" जयप्रकाशने एकदा विचारलंच.

"जादू कसली ओ साहेब? इचारला, ता सांगितला." बदरुद्दीनने घाम पुसला. "तुमी लय चांगला खेलताव. पन जरा हसा की!"

त्या रात्री जेवणात जयप्रकाशचं लक्ष नव्हतं. जिल्ह्याचा खेळाडू आपण, आणि मान या गड्याला.

पोर्टच्या ओमानी टीमशी गुरुवारी मॅच होती. हानच्या जोडीला एकच जागा. जयप्रकाशचा करार महिनाअखेर संपत होता, म्हणजे त्याची ही शेवटचीच संधी. पुण्याला बायकोला, विद्याला, त्याने फोनवर सांगूनही टाकलं होतं, या वेळी मीच खेळणार.

सोमवारी हानने नाव वाचलं, "बदरुद्दीन." मग जयप्रकाशकडे वळून समजुतीने म्हणाला, "यू यंग. नेक्स्ट इयर."

जयप्रकाशचे कान तापले. त्याने पाकिटातून रेसिडेंट कार्ड काढून टेबलावर आपटलं. "वाचा. जन्मतारीख वाचा."

हानने चष्मा चढवून वाचली. युन ताडकन उठला, त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि तो कमरेत पार वाकला. बराच वेळ त्याने मान वर केली नाही.

बदरुद्दीन मात्र खो खो हसत सुटला. "आयला, साहेब! तुमी माज्यापेक्षा मोठे, आनि मी तुमच्या हातचा पानी पितंय! कॅप्टन, यांनाच खेलवा. माजा बॅकहँड बघून पोर्टवाले घरी जातील."

जागा मिळाली. हवी होती तशी, ह्योंग म्हणून मिळाली.

बुधवारी सराव होता. युन समोर उभा राहिला आणि त्याने शटल मऊ, उंच, अगदी हातात येईल अशी टाकली. दुसरी तशीच. तिसरीही.

"युन, स्मॅश मार!"

"येस, ह्योंग." पुन्हा तीच मऊ शटल. सात महिन्यांची शरम त्याच्या मनगटात उतरली होती.

शेजारच्या कोर्टावर धुमाकूळ होता. हानने बदरुद्दीनच्या पोटावर नेम धरून स्मॅश ठोकला. "मेलो, मेलो रे!" म्हणत तो आडवा झाला, हान कोरियनमध्ये काहीतरी ओरडला आणि दोघे दम लागेपर्यंत हसले. जयप्रकाश बघतच राहिला. आपल्याला असं कुणी कधी मारलं नाही, हे त्याला आत्ता झोंबलं.

तेवढ्यात समोरून आलेली सोपी शटल त्याच्या पायाशी पडली.

युन धावत नेटपाशी आला. "सॉरी, ह्योंग," तो वाकून म्हणाला. "माझी चूक."