नागुबाईचं वय

लोह्याच्या एका मंगल कार्यालयात सरकारी शिबिर होतं. निरोगी वार्धक्याचा आराखडा म्हणे! साठीच्या पुढच्यांना चष्मा, काठी, कवळी, सगळं फुकट. नोंदणीच्या टेबलावर मी, भुजंग. माझं सेवा केंद्र असल्यामुळं हे काम मला मिळालं होतं आणि सकाळपासून माझी कॉलर ताठ होती.

अकराच्या सुमारास नागुबाई पुढं आली. तोंडात एकही दात नाही.

"लेकरा, कवळी दे बाबा. दोन वर्सं झाली, भाकर पाण्यात भिजवून गिळून राहिले. लई जीव कंटाळला."

मी आधार नंबर टाकला. वय त्रेपन्न. पडद्यावर लाल अक्षरं आली, 'अपात्र'.

ते वय मीच टाकलं होतं. तेरा वर्षांपूर्वी तिच्या गावच्या शाळेत आधारचं शिबिर लागलं, तेव्हा यंत्रावर मी होतो. रोजगार हमीच्या कामावरून मुकादम म्हाताऱ्या बायांना हाकलायचा. बासष्ट वर्षांची, नवरा गेलेली ही बाई माझ्यापुढं हात जोडून उभी राहिली. मी बावीस वर्षं कमी केली. तिच्यामागच्या चौघींचीही केली. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं होतं मला तेव्हा. गाढव!

शिबिराचे प्रमुख आलोक साहेब नांदेडहून आले होते. भला माणूस. त्यांनी बॅटरी मारून तिचं तोंड पाहिलं आणि हळहळले.

"आजी, तुम्ही पंचाहत्तरच्या तरी असाल. जन्माचा काही कागद?"

"न्हाई सायेब. साळंचं तोंड बी बघितलं न्हाई."

"मग ज्यानं ही नोंद केली, त्यानं चूक लेखी द्यावी. मी माझ्या जबाबदारीवर आजच माप घ्यायला लावतो. कोण होता तो?"

मी कीबोर्डकडं बघत राहिलो. लिहून दिलं असतं तर माझं केंद्र बंद झालं असतं. घरात चार तोंडं त्यावर जगतात. पण खरं सांगतो, त्या क्षणी घर आठवलंच नाही. मी नुसता घाबरलो होतो.

नागुबाईनं माझ्याकडं पाहिलं. तिनं मला ओळखलं होतं. रांगेत उभी होती तेव्हापासूनच ओळखलं असणार.

"कुणी न्हाई सायेब," ती म्हणाली. "मीच खोटं सांगितलं व्हतं. यंत्रावरच्या लेकराला काय म्हाईत?"

साहेबांनी नाइलाजानं मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. अजूनही मला बोलता आलं असतं. साहेब दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

अर्ज बंद करायचा तर अपात्रतेचं कारण भरावं लागतं. मी टाइप केलं, 'अर्जदाराने वयाची खोटी माहिती दिली.' त्याखाली अर्जदाराचा अंगठा लागतो. तिनं काही न विचारता हात पुढं केला, आणि मी तो धरून यंत्रावर दाबला.