युस्टेसच्या टेबलावरचा दिवा

मॉनिका गोरेगावच्या स्टुडिओत सिनेमाच्या सेटवरचं सामान बनवायची. आज राजवाडा, उद्या पोलीस ठाणं. शूटिंग आटपलं की सगळं भंगारात. टिकावी म्हणून तिनं एकच वस्तू केली, ती बापासाठी.

तिचा बाप युस्टेस मालाडच्या गावठाणात घरीच व्हायोलिनं दुरुस्त करायचा. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्याला समोरचा बल्ब सोसेना, नुसती धार लागायची. मॉनिकानं दिव्यासाठी लाकडाचे पातळ पापुद्रे वाफेवर वाकवले, एकात एक बसवले आणि पितळी दांड्यावर टांगले. प्रत्येक पापुद्रा लावताना विचारायची, "डॅडी, टोचतोय का उजेड?" शेवटी उजेड फक्त हातांवर पडू लागला आणि म्हातारा पुन्हा कामाला बसला.

धाकटा भाऊ वेन एका डिझाइन कंपनीत होता. दिव्याची वायर ढिली झालीय, बदलून आणतो, असं सांगून तो दिवा घेऊन गेला. परत आणायचं नाव नाही. "ऑफिसात सगळ्यांना आवडलाय गं, राहू दे ना थोडे दिवस," म्हणाला आणि डॅडीला दुकानातला एक आणून दिला. मॉनिका मनातून सुखावलीच.

मग एका रविवारी उद्घाटनाला म्हणून तो दोघांना शहरातल्या संग्रहालयात घेऊन गेला. शोभेच्या वस्तूंच्या नव्या दालनात, काचेमागे, तिचा दिवा लागलेला होता. खालच्या पाटीवर नाव एकट्या वेनचं. आणि माइकवर वेन सांगत होता, "डॅडीचे डोळे अधू झाले, तेव्हा मी हा केला."

मॉनिकानं पाटी पुन्हा वाचली. मग ती दालन सांभाळणाऱ्या सुलक्षणाबाईंकडे गेली. "हा दिवा माझा आहे. मी केलाय."

बाईंनी तिला झिडकारलं नाही. त्या सरळ युस्टेसकडे आल्या. "अंकल, हा दिवा तुम्हाला कुणी करून दिला?"

युस्टेसनं आधी वेनकडे पाहिलं. मॉनिकाकडे पाहिलंच नाही.

"माझ्या पोरानं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "असं का केलंस, डॅडी?"

"तो खोटा पडला असता तर त्याची नोकरी गेली असती. तुझं काय गेलं?"

"वेनचं मला नवल नाही. पण दिवा करताना तू माझ्या शेजारी बसून होतास."

तो व्हायोलिनची खुंटी पिळत राहिला.

मॉनिका मैत्रिणीबरोबर दिंडोशीला राहायला गेली. वेनशी बोलणं तुटलं. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की मात्र घरी यायची, बापाला जेवू घालायची. एकदा तो चाचरत म्हणाला, "या दिव्यानं डोळे चुरचुरतात गं. तसा दुसरा करशील?"

"नाही डॅडी."

तिनं त्याची खुर्ची खिडकीच्या उजेडाकडे ओढून दिली आणि भांडी घासायला आत गेली.