तांदळातलं नाव

सून घरात आली की तिचं नाव बदलायचं, हा शिरूर अनंतपाळच्या त्या घराचा रिवाज. देवघरात परातीत तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं आणि ओसरीवरच्या बायांनी ते ऐकून टाळ्या पिटायच्या. नाव जिचं जातं तिला विचारायची पद्धत नाही.

नवी सून राजकन्या कालच लग्न होऊन आली होती. नांदेडला ती भाषांचा अभ्यास करायची. तिचा प्रबंध एकाच शब्दावर होता: आदिम स्लाव्ह भाषेतला ‘स्नुखा’, म्हणजे सून. आपल्या ‘सून’ शब्दाचा लांबचा भाऊबंदच तो. तो कुठे लिहिलेला सापडत नाही. नात्यातल्या भाषांना विचारून अभ्यासक तो जुळवतात आणि तो तर्काने बांधलेला आहे याची खूण म्हणून त्याच्याआधी चांदणी काढतात. फार पूर्वी त्याचा शेवट पुल्लिंगी नामासारखा होता. स्लाव्ह घरात येईपर्यंत त्याला ‘आ’ जोडून इतर स्त्रीलिंगी नामांसारखं चालायला लावलं होतं. हे लिहिताना तिला गंमत वाटली होती. आता परात समोर होती आणि तिचा नवरा हनुमंत हातात अंगठी घेऊन बसला होता.

“आई, मला माझंच नाव राहू द्या,” ती सासूला म्हणाली.

“न्हाई गं बाई. रिवाज हाय,” कावेरीबाई म्हणाल्या. “हनुमंता, लिही ईश्वरी. बाया खोळंबल्यात.”

राजकन्येला रडू फुटलं. “तुमचं आधीचं नाव काय होतं, आई?”

कावेरीबाईंनी एकदा ओसरीकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, “नागम्मा. उदगीरच्या पल्याड माहेर. मायबाप गेले, भाऊ गेला. त्या नावानं हाक मारणारं आता कुणीच न्हाई.”

हनुमंताचा हात थबकला. एवढा घोडा झाला, पण आईचं नाव त्याला आज कळलं.

राजकन्येने त्याच्या हातातली अंगठी घेतली आणि तांदळात लिहिलं, नागम्मा. कावेरीबाईंनी एकेक अक्षर लावून वाचलं. पुन्हा वाचलं.

“काय नाव ठेवलं गं?” ओसरीवरून कावेरीबाईंच्या जाऊबाईंनी विचारलं.

कावेरीबाईंनी परात पदराआड ओढली. “राजकन्या!” त्या ओरडल्या. “होतं तेच!”

बाहेर कुजबुज झाली, टाळ्या काही वाजल्या नाहीत. तांदूळ डब्यात ओतायला हनुमंत पुढे झाला, तर आई परात सोडेना.

“राहू दे रे घडीभर,” त्या म्हणाल्या.