अर्ध्या दाराचा ब्लॉक

नांदुऱ्याच्या जुन्या कापूस-पेढीची दर्शनी भिंत तेवढी ठेवायची आणि मागं तीन मजली ब्लॉक बांधायचे, असं सोसायटीनं ठरवलं तेव्हा गावानं फार कौतुक केलं. दगडी कमान, वर सागवानी सज्जा. गावाची शान जशीच्या तशी, आणि आत नळ, संडास, सगळं नवं. १९७३ साल होतं, नव्याचा सोस सगळ्यांनाच होता. सिंधूताईनं तर पहिल्याच दिवशी पुढचा, सज्जाचा ब्लॉक मागितला.

सिंधूताई प्राथमिक शाळेत मास्तरीण. तिची आई पंचफुला याच पेढीत तीस वर्षं कापूस निवडायला होती. निवडणाऱ्या बायांनी मागच्या फाटकातून यायचं, आणि पंचफुलाच्या वस्तीतल्यांनी पाणी वरून ओंजळीत घ्यायचं. संक्रांतीला मालकीण सज्जातून रेवड्या खाली टाकायची, बाया पदर पसरायच्या. त्या सज्जात आई उभी राहिलेली सिंधूताईला एकदा पाहायची होती. तेवढ्यासाठी ती सोसायटीशी वर्षभर भांडली आणि तो ब्लॉक मिळवला.

आणि झालं काय? करायला गेले गणपती अन् झाला मारुती. जुन्या पेढीची छतं सोळा फुटांवर, नव्या ब्लॉकची दहावर. अकोल्याच्या इंजिनिअरनं भिंत मापली, पण नवे मजले तिच्यात कुठं येतील ते कोणी ताडून पाहिलं नाही. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब नेमका सज्जाच्या दाराच्या पोटातून गेला. खालचं अर्धं दार खालच्या ब्लॉकच्या छताला टेकलं, वरचं अर्धं सिंधूताईच्या फरशीला. कंबरेएवढं भोक उरलं. तिथं उभं राहायचं सोडाच, बाहेर डोकावायचं तरी गुडघ्यावर बसावं लागणार.

सोसायटीचे सेक्रेटरी माणिकराव, कापसाचे दलाल. ते लगेच म्हणाले, "बाई, माहा मागचा ब्लॉक घ्या नं. खिडक्या धड हायेत, हवा मोकळी. पुढचा मी घेतो. रस्त्यावरून लोकायले आपलं घर दिसलं पाह्यजे, बाकी मले चालते."

बोलणं गोड होतं, म्हणूनच तिला जास्त झोंबलं. पुन्हा मागंच जायचं? रविवारच्या बैठकीत काय ते सांगायचं होतं. चार दिवस तिचा पाय एका जागी ठरेना. फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा. शाळा सुटली की साइटवर जायची, दाराकडे पाहायची आणि चरफडत परत यायची. शनिवारी ती आईलाच घेऊन गेली.

पंचफुला पुढच्या ब्लॉकमध्ये शिरली. गुडघे टेकून, मान वाकवून तिनं बाहेर पाहिलं. मग कण्हत उठली आणि मागच्या ब्लॉकमध्ये गेली. तिथल्या खिडकीशी ती सरळ उभी राहिली. मागच्या रुळांवरून मालगाडी चालली होती, ती सगळी जाईपर्यंत तिथून हलली नाही.

"मागचा घे," ती म्हणाली.

"माय, जिंदगीभर तुले मागच्या फाटकातून आणलं त्यायनं. आन तूच म्हणतं, मागचा घे?"

"तवा मले कोणं इचारलं होतं? आता मी सोता सांगून राह्यली." पंचफुला तिच्याकडे वळली. "तीस वर्सं मान वर करकरून तो सज्जा पाह्यला. आता आतून पाहाले मान खाली घालू काय? तुले दाखवाचं हाय, सिंधू. मले राह्यचं हाय."

सिंधूताईला राग आला; आईचा नाही, स्वतःचा. कारण ते खरं होतं. आईला काय हवं, हे वर्षभरात तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

रविवारी बैठकीत तिनं अदलाबदलीच्या कागदावर सही केली.

"पाहा, मी म्हणलंच होतं," माणिकराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई समजदार हायेत."

तिनं पेनाला टोपण लावलं आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला.

"घ्या भाऊ पुढचा," ती म्हणाली. "तिथं वाकल्याबगर रस्ता दिसत नाही. माह्या मायनं वाकणं सोडलं."